मशिदीच्या अंगणातला गोंग आणि आमची कुलूपबंद पेटी

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात एक बाजाची पेटी आहे. पूर्वीच्या एका हेडमास्तरांनी लोकवर्गणी काढून ती घेतली होती. भाता अजून शाबूत आहे, दोन सूर तेवढे अडकतात. गेल्या डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी आम्ही ती बाहेर काढली. आठवीतल्या एका मुलीने, जिला पेटी कुणी कधी शिकवली नव्हती, दोन दिवसांत राज्यगीताची आणि एका नातेची चाल बोटांत बसवली. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातले चार जण शाळेत आले. सगळे ओळखीचे, शाळेसाठी रात्री-अपरात्री धावून येणारे. त्यांच्यातले वडीलधारे चाचा आवाज न चढवता म्हणाले, "मास्तर, ह्या आपल्यात नाय. पोरींचा तर अजिबात नाय."

पेटी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागले. संमेलन पार पडले, भाषणे झाली, बक्षिसे वाटली गेली. ती मुलगी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होती.

त्या दिवशी आम्ही उर्दू शाळेतले मास्तर गप्प बसलो. नोकरी, मोहल्ला, नातीगोती या सगळ्यांचा विचार केला. आज ते न बोललेले बोलायचे आहे.

'आपल्यात नाय' या दोन शब्दांतला 'आपल्यात' म्हणजे नेमके कोण? आम्ही मराठी मुसलमान म्हणावे, तर शाहीर अमर शेख यांचा डफ कुणाचा होता? 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर'वरून आला, 'डफ' हा अरबी 'दफ'वरून, 'नगारा' हा 'नक्कारा'वरून. मिरजेच्या ज्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या घडवणारे कारागीर कोण आहेत? तेव्हा 'आपल्यात' म्हणजे मराठी मुसलमान असा अर्थ चाचांना अभिप्रेत नसावा. त्यांना म्हणायचे होते, इस्लाममध्ये नाही, खऱ्या मुसलमानात नाही.

ठीक आहे. मग आपण अशा देशात जाऊ, ज्याचे नाव जगातल्या मोठ्या मुस्लीम देशांत पहिल्यांदा घेतले जाते. इंडोनेशियाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २७ कोटी होती आणि त्यातले सुमारे ८७ टक्के मुसलमान आहेत. आम्हा कोकणी मुसलमानांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तिथले बहुसंख्य मुसलमान आमच्याप्रमाणेच शाफई आहेत. म्हणजे जो मसलक आमचा, तोच त्यांचा. 'त्यांचे वेगळे, आपले वेगळे' असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय इथे नाही.

या देशाच्या जावा बेटावर योग्यकार्ता नावाचे शहर आहे. तिथे सुलतानाचा राजवाडा आहे आणि राजवाड्याजवळ १७७३ साली उभारलेली मोठी मशीद आहे. दरवर्षी रबी-उल-अव्वल महिन्यात, आपण ज्या दिवसांत मिलादचे जलसे करतो त्याच दिवसांत, राजवाड्यातून काशाच्या वाद्यांचे दोन संच मिरवणुकीने बाहेर निघतात आणि थेट मशिदीच्या अंगणात जातात. तिथे दक्षिणेला आणि उत्तरेला दोन मंडप आहेत. एका मंडपात एक संच, दुसऱ्यात दुसरा. जवळजवळ आठवडाभर ते आळीपाळीने वाजतात. या सोहळ्याला 'सेकातेन' म्हणतात. हा शब्द 'शहादतैन', म्हणजे कलम्याच्या दोन साक्षी, यावरून आला असे जावातले लोक सांगतात. ज्या दिवशी पैगंबरांच्या जन्माचा आनंद साजरा होतो, त्या दिवशी अन्नधान्याचे आणि भाज्यांचे डोंगर रचून मिरवणुकीने आणतात आणि लोकांत वाटतात.

यामागची कथा अशी. जावात इस्लाम पोचवणाऱ्या नऊ वलींपैकी सुनान कालिजागा आणि सुनान बोनांग यांनी पाहिले की इथली माणसे वाद्यांच्या आवाजावर जीव टाकतात. त्यांनी वाद्ये फोडली नाहीत, मशिदीच्या दारात आणून ठेवली. ऐकायला या, पण आत येताना कलमा म्हणा, एवढीच अट. ही लोककथा आहे, तिच्यातला इतिहास किती यावर अभ्यासक वाद घालोत. पण कथा तरी कोणती निवडावी, हे समाज स्वतः ठरवतो. आमच्या मोहल्ल्यात ज्या कथा सांगितल्या जातात त्यांत वाद्य दिसले की शाप असतो. जावातल्या मुसलमानाने आपल्या धर्माच्या आगमनाची कथाच वाद्यापासून सुरू केली.

हे वाद्य म्हणजे काय, तेही पाहू. कारण आमच्यातले पुष्कळ जण न ऐकताच निकाल देतात. गामेलान हे एक वाद्य नसून वाद्यांचे कुटुंब आहे. 'गामेल' म्हणजे ठोकणे, त्यावरून हे नाव. काशाच्या पट्ट्यांचे सारोन आणि गेंदेर, आडव्या दोरीवर ठेवलेल्या छोट्या घंगाळांसारखे बोनांग, त्याहून मोठे केनोंग, टांगलेले केम्पुल, आणि सर्वांत शेवटी जवळपास एक मीटर व्यासाचा मोठा गोंग. सोबत लाकडी पट्ट्यांचा गाम्बांग, बांबूची बासरी म्हणजे सुलिंग, दोन्ही हातांनी वाजवायचा केंदांग हा ढोल, आणि गजाने वाजवायचा रबाब. हो, रबाबच. नाव अरबस्तानातून आलेले, आमच्या उर्दू शायरीत पावलोपावली भेटणारे. सारोन मूळ चाल धरतो, बोनांग तिच्याभोवती नक्षी काढतो, केनोंग आणि केम्पुल विराम देतात, लय केंदांगच्या हातात असते. आपल्याकडे सम पहिल्या मात्रेवर येते, तिथे मोठा गोंग आवर्तनाच्या शेवटी पडतो. स्लेंद्रो ही पाच सुरांची आणि पेलोग ही सात सुरांची, अशा दोन सुरावटी आहेत. कोणतेही दोन संच अगदी एकसारखे लावलेले नसतात. त्यामुळे एका संचातले वाद्य उचलून दुसऱ्यात घालता येत नाही.

गोंग घडवणारे लोहारही मुसलमानच. सोलो शहराजवळच्या विरुन गावात हे काम चालते. तांबे आणि कथिल वितळवून चकती ओततात, ती पुन्हा पुन्हा भट्टीत घालून चार-पाच जण आळीपाळीने घण मारतात. भट्टीची जागा मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण तापलेल्या धातूचा रंग अंधारातच नीट ओळखता येतो. शेवटी ठोकून, कानसून सूर जुळवतात. मिरजेतल्या आमच्या सतारमेकर भावांना हे वर्णन वाचून परके वाटणार नाही.

आणि आता ऐका, या वाद्यांना जावातले लोक काय म्हणतात. प्रतिष्ठित संचाला स्वतःचे नाव असते आणि नावाआधी 'क्याई' ही पदवी असते. योग्यकार्ताच्या मशिदीत जाणारे दोन संच म्हणजे क्याई गुंतुर मदु आणि क्याई नागाविलागा. हीच 'क्याई' ही पदवी जावातला मुसलमान आपल्या आलिमांना, मदरशाच्या बुजुर्गांना लावतो. वाजवायला बसताना पायातले काढतात, वाद्य ओलांडून कुणी जात नाही. जुम्मेरातच्या संध्याकाळपासून जुम्म्याची नमाज होईपर्यंत सेकातेनची वाद्ये बंद असतात. नमाजेच्या वेळी गप्प राहायचे हे त्या गोंगला कळते. तेव्हा वाद्य आले की नमाज जाते, ही भीती निदान त्या अंगणात तरी खरी ठरलेली नाही.

इथे आमचे काही मित्र म्हणतील, जावाचे मुसलमान अडाणी, त्यांना शरीयत ठाऊक नाही. हा आरोप करण्याआधी त्या मशिदीच्या शेजारची काउमान ही वस्ती पाहावी. तिथल्या अहमद दहलान यांनी १९१२ साली 'मुहम्मदिया' ही संघटना काढली. बिदअत आणि अंधश्रद्धेविरुद्ध कठोर, आणि शाळा, दवाखाने यांचे जाळे उभारणारी. दहलान स्वतः त्याच मोठ्या मशिदीचे खतीब होते. या संघटनेने सेकातेनमधल्या फुले वाहण्यावर, धूप जाळण्यावर, वस्तूंना बरकत मानण्यावर टीका केली आणि आमच्या मते ती योग्यच आहे. वाद्याला फुले वाहणे आम्हालाही मान्य नाही. पण फुले काढून टाका आणि वाद्य राहू द्या, एवढा साधा विवेक आमच्याकडे का सुचत नाही? २००२ सालच्या आपल्या बैठकीत त्याच मुहम्मदियाने सांस्कृतिक दावतीची भूमिका मांडली, म्हणजे लोकांच्या कलेला धरून लोकांशी बोलायचे.

दुसरी मोठी संघटना म्हणजे १९२६ साली स्थापन झालेली नहदतुल उलेमा. तिचे संस्थापक हाशिम अशअरी हे जाडे आलिम. जावाच्या मशिदींत अजानआधी 'बेदुग' हा मोठा चामडी ढोल आणि 'केंतोंगान' हा पोकळ लाकडाचा ठोका वाजवण्याची रीत होती. हाशिम अशअरींनी बेदुग चालेल असे म्हटले, केंतोंगान मात्र ख्रिस्ती लोकांच्या नाकूससारखा म्हणून नाकारला. ग्रेसिकजवळच्या मस्कुमाम्बांगचे क्याई फकीह यांनी त्याविरुद्ध लिहिले, दोन्ही चालतील असे सांगितले. पुढे हाशिम अशअरी मिलादसाठी ग्रेसिकला येणार असे ठरले, तेव्हा फकीहसाहेबांनी आसपासच्या मशिदींतले केंतोंगान पाहुण्याच्या मानाखातर उतरवून ठेवायला सांगितले, अशी हकीकत तिकडे आवडीने सांगतात. मतभेद होता आणि तो लेखी होता, पण कुणी कुणाला इस्लाममधून बाहेर काढले नाही. आमच्याकडे मास्तरने पेटी उघडली की चार जण दारात येतात आणि लेखी मात्र काहीच नसते.

आम्ही काही मुफ्ती नाही. आमचा अधिकार बी.एड.पुरता. पण वाचता येते, म्हणून एवढे सांगतो की हा प्रश्न उलेमांत कधीच एकमताचा नव्हता. वाद्यांविरुद्धच्या हदीसा आहेत, त्या आम्ही लपवत नाही. बुखारी शरीफमध्येच ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली दफवर गात होत्या, हजरत अबू बक्र रागावले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना गाऊ द्या, आज ईद आहे, असे सांगितल्याची नोंदही आहे. इमाम गझाली शाफईच होते. त्यांनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि ऐकणाऱ्याच्या नियतीला महत्त्व दिले. त्यांनी तंतुवाद्यांना मोकळी सूट दिली नाही, कारण ती दारूच्या बैठकींशी जोडलेली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मग प्रश्न असा उरतो की आठवीतल्या मुलीच्या नातेचा दारूच्या बैठकीशी संबंध काय?

'पोरींचा तर अजिबात नाय' असे चाचा म्हणाले. चाचांनी सेमारांग शहरातल्या 'नसीदा रिया'विषयी ऐकलेले नसणार. १९७५ साली कुरआन पठण शिकवणाऱ्या एका उस्तादांच्या पुढाकाराने हा निव्वळ महिलांचा कसीदा गायनाचा संच उभा राहिला. डोक्यावर हिजाब आणि हातात व्हायोलिन, गिटार, बासरी. त्यांची गाणी शांततेवर, न्यायावर, आईबापांच्या मानावर आहेत. २०२२ साली जर्मनीतल्या कासेल इथल्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात त्या गायल्या. त्या बायकांचा ईमान कमी आहे असे म्हणायचे असेल, तर ते आधी जावात जाऊन, त्यांच्या शेकडो गावांतल्या श्रोत्या बायकांसमोर म्हणावे.

आता दुसरी बाजू. कारण आमचे भांडण फक्त मोहल्ल्याशी नाही.

आमचे काही बिगरमुस्लीम स्नेही इंडोनेशियाचे नाव वेगळ्याच कारणासाठी घेतात. "बघा, तिकडचे मुसलमान रामायण करतात, नोटेवर गणपती छापतात. नाहीतर तुम्ही!" असे संदेश आमच्या मोबाईलवर दर महिन्याला येतात. ती नोट १९९८ सालची, वीस हजार रुपियांची. २००८ अखेर ती चलनातून गेली. तिच्यावर मुख्य चित्र होते की हाजर देवांतारा यांचे, ज्यांनी १९२२ साली योग्यकार्तात 'तामान सिस्वा' ही शाळा काढली आणि जावी गाणे, नृत्य मुलांच्या शिक्षणात आणले. आम्हा मास्तरांना त्या नोटेवरचा मास्तर दिसतो. संदेश पाठवणाऱ्यांना तो दिसत नाही.

जावातला मुसलमान दालांग पांढऱ्या पडद्यामागे चामड्याच्या बाहुल्या नाचवत रात्रभर महाभारत सांगतो आणि मागे गामेलान वाजतो, हे खरे आहे. त्याच महाभारतात धर्मराजाचे अमोघ शस्त्र 'कलिमासादा' आहे, आणि त्याचा अर्थ 'कलमा शहादत' असा लावला जातो, हेही तितकेच खरे आहे. त्याच गामेलानच्या साथीने तिथे अमीर हमजाची दास्तानही बाहुल्यांतून सांगतात. जी दास्तान आम्ही उर्दूच्या तासाला शिकवतो, तीच. १६३३ साली सुलतान आगुंगने नवी कालगणना सुरू केली, तेव्हा महिने हिजरी घेतले आणि वर्षाचा आकडा शके १५५५ हाच पुढे चालू ठेवला. ही देवाणघेवाण त्यांनी आपल्या मर्जीने, आपल्या शर्तींवर केली. त्यांच्या हातात कुणी निष्ठेची प्रश्नपत्रिका देऊन उत्तरे मागितली नव्हती. दम देऊन कुणाला गाणे शिकवता येत नाही. ज्यांना आमच्या घरात संगीत हवे आहे, त्यांनी आधी आम्हाला परके म्हणणे थांबवावे. माणूस भेदरला की तो पहिल्यांदा खिडक्या बंद करतो, आणि आमच्या मोहल्ल्यातली पेटी कुलपात जाण्यामागे ही भीतीही आहे.

पण दुसऱ्यांचा दोष आमच्या कुलपाचे समर्थन होऊ शकत नाही. जावातही आज सारे आलबेल नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका धर्मोपदेशकाचे बाहुल्यांच्या खेळाविरुद्धचे बोलणे देशभर पसरले, खेळ सोडा, बाहुल्या नष्ट करा अशा आशयाचे. कलावंत उठले, मुसलमान संघटना बोलल्या, आणि त्या उपदेशकाला माफी मागावी लागली. त्याला उत्तर देणारे मुसलमानच होते. आमच्याकडे उत्तर देणारे कुठे आहेत? स्टाफरूममध्ये चहा पीत बसले आहेत. त्यांत आम्हीही आलो.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या आवाजांची सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यावर योग्यकार्ताच्या पाकुआलामान दरबारात ध्वनिमुद्रित केलेले गामेलान आहे. त्याच तबकडीवर गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि केसरबाई या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. पृथ्वीची ओळख म्हणून जे मोजके सूर पाठवले गेले, त्यांतल्या दोहोंच्या मागे मुसलमान उस्ताद आणि मुसलमान दरबार उभे आहेत. आणि आम्ही मुलांना सांगतो, हे आपल्यात नाही.

आता आमच्या कामाचे बोलू. पश्चिम जावात बांबूचे एक वाद्य आहे, आंगक्लुंग. हलवले की वाजते, आणि एक आंगक्लुंग एकच सूर देतो. १९३८ साली दाएंग सुतिग्ना नावाच्या एका शाळामास्तरांनी त्याला नवी सुरावट लावून ते वर्गात आणले. प्रत्येक मुलाच्या हातात एकच सूर, आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचे ऐकत थांबायचे. २०१० साली युनेस्कोने आंगक्लुंगला आणि २०२१ साली गामेलानला मानवजातीच्या वारशात नोंदवले. आम्ही बी.एड.ला सहकार्यातून शिक्षण यावर पानेच्या पाने लिहिली. तो मास्तर बांबू घेऊन वर्गात गेला.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. कोणी गाऊ नये असे वाटत असेल, तर त्यांनी गाऊ नये. त्यांच्या परहेजगारीचा आम्ही आदर करतो. पण ज्या पालकांची हरकत नाही, त्यांच्या मुलांच्या हातातून वाद्य काढून घेण्याचा हक्क त्यांना नाही. आमच्या उलेमांनी या विषयावर उघड, लेखी चर्चा करावी, हाशिम अशअरी आणि फकीहसाहेबांसारखी. आणि आम्ही मास्तरांनी पुढच्या वेळी दारात चार जण आले, की त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि आपले म्हणणे सांगावे. गेल्या डिसेंबरात आम्ही फक्त चहा दिला होता.

आम्ही चाचांना भेटलो. भांडायला नाही, विचारायला. ते म्हणाले, त्यांची आई हळदीच्या रात्री परात उपडी घालून तिच्यावर ठेका धरायची आणि पहाटेपर्यंत गायची. आम्ही विचारले, "चाचा, मग ती आपल्यात नव्हती का?" ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "बघू मास्तर."

कपाटाची किल्ली आमच्याच खिशात आहे. ती मुलगी आता नववीत गेली आहे. दहावीनंतर ती शाळेत नसेल. आमच्या हातात दोन संमेलने उरली आहेत.